ऑइलपेंटवर ड्युको

ऑइलपेंटवर ड्युको मारायचा नसतो. नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे हे मला कुणी सांगायची गरज नाही. ड्युको म्हणजे गाड्यांवर फवारतात तो चकचकीत रंग, त्यातलं थिनर तेज असतं. खाली ऑइलपेंट असला की ते त्यात शिरतं, त्याला फुगवतं, आणि बघता बघता सगळा रंग दुधावरच्या सायीसारखा गोळा होतो. उलट मात्र चालतं. खाली ड्युको आणि वर ऑइलपेंट असेल तर वर्षानुवर्षं काही होत नाही. आमच्याकडे कामाला लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच हे कळतं.

हे सगळं ठाऊक असताना मी गेल्या हिवाळ्यात माझ्या घराच्या पडवीत, स्वतःच्या हातानं, ऑइलपेंटवर ड्युको मारला. चुकून नाही. तो का मारला, ते मला लिहायचं आहे.

रंगवायचं होतं ते व्हिडिओ गेमचं खोकं. प्लायवूडचं, माणसाच्या उंचीचं, आत टीव्हीची जाड काच, खाली एक दांडा, सहा बटणं आणि नाणं टाकायची फट. मुलगी लहान असताना पुण्यातलं एक गेमचं दुकान बंद होत होतं, तिथून माझ्या पत्नीनं ते आणलं. मी नको म्हणत होतो. नगरच्या कडेचं आमचं केडगाव तेव्हा आजच्याइतकं भरलेलं नव्हतं, पुणे रोडच्या आत आमच्या गल्लीत निम्मे प्लॉट रिकामे होते. कोण येणार खेळायला, असं मला वाटायचं. पण शाळा सुटली की आमच्या पडवीत चपलांचा ढीग पडू लागला. पत्नी शेजारीच शिलाई मशीनवर बसून लक्ष ठेवायची.

"मावशी, बटन दाबलंच न्हाई गेलं. फुकट गेला डाव. परत लावू द्या की."

"बटण चालतंय रे बाबा. तुझं बोट चालत नाही त्याला मी काय करू?"

शिवी दिली की डाव बंद, परीक्षा आली की महिनाभर गेम बंद, असे तिचे नियम होते. पुढे मोबाईल आले आणि मुलं येईनाशी झाली. टीव्ही जळला, तो काढून टाकला. खोकं मात्र पडवीतच राहिलं. त्याच्यावर पत्नी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवू लागली.

आम्ही ख्रिस्ती. नाताळच्या आधी आमच्याकडे घर रंगवायची पद्धत आहे. भिंती दरवर्षी जमतातच असं नाही, पण दारं, खिडक्या, पलंग, पाळणा, स्टूल, ज्याला ज्याला म्हणून ऑइलपेंट लागेल ते सगळं रंगतं. डिसेंबरात आमच्या लोकांच्या घरी गेलं की बसण्याआधी खुर्चीला बोट लावून बघावं लागतं. शेवटी डब्यांच्या तळाशी जो रंग उरायचा, तो पत्नी खोक्याला लावायची. त्यामुळे खोकं एका वर्षी खिडकीच्या गजांसारखं हिरवं, एका वर्षी मुलीच्या पलंगासारखं गुलाबी, आणि एकदा चर्चच्या मंडळीनं फाटक रंगवलं तेव्हा फाटकासारखं करडं झालं. मी कंपनीत मायक्रॉनमध्ये रंगाची जाडी मोजणारा माणूस. मला ते बघवायचं नाही. "अगं, निदान आधी पॉलिश पेपर तरी मार," म्हणायचो. ती म्हणायची, "तुम्ही कंपनीत मारा. इथं नाताळ तोंडावर आलाय."

सुदैवानं तळाचा मूळ रंग काळा ड्युको होता. त्यावर ऑइलपेंटचे थर बसले. उलट नव्हतं, म्हणून तिचं सगळं धकून गेलं.

पत्नी जाऊन आता चार वर्षं होतील. मुलगी त्याआधीच लग्न होऊन पुण्याला गेली होती. ती दवाखान्यात नर्स आहे, जावई कॉम्प्युटरच्या दुरुस्तीचं काम करतो. दोघं चांगली आहेत. मला एकटं टाकलं असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. खरं हे आहे की मला तिच्याशी बोलायची सवयच नव्हती. तिचा फोन आला की मी "हां, बरी आहेस ना? थांब, आईला देतो," म्हणायचो आणि फोन पुढे करायचो. मायलेकी तासभर बोलायच्या, आणि मी शेजारी बसून पेपर वाचल्यासारखं करत सगळं ऐकायचो. पत्नी गेल्यावर मुलगी दर रविवारी उपासना संपल्यावर फोन करायची. मी "बरी आहेस ना?" विचारायचो आणि पुढे फोन कुणाला द्यायचा ते मला कळायचं नाही. "जेवण झालं?" "झालं." "तुमची गोळी?" "घेतली." मग दोघंही गप्प. मग ती म्हणायची, "बरं पप्पा, ठेवते."

गेल्या गणपतीच्या सुमारास तिनं वेगळंच विचारलं.

"पप्पा, ते गेमचं खोकं मी नेऊ का? हे म्हणतात, आत छोटा कॉम्प्युटर बसवला तर ते सगळे जुने गेम चालतील. नवीन फ्लॅटच्या हॉलमध्ये ठेवू."

"ने की. तुझंच आहे."

"आणि मला ते पहिल्यासारखं पाहिजे. काळं, चकचकीत. तुम्ही द्याल करून?"

मी हो म्हटलं. त्या दिवशी आम्ही किती बोललो याचं मलाच नवल वाटलं. वरचे थर काढायचे का, तसेच ठेवून वर रंग मारायचा, काळा झगझगीत घ्यायचा की मंद, हे सगळं तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तिनं पुन्हा फोन केला. मी तिला सांगितलं की आधी खालचा रंग कोणता ते ओळखायचं. कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवायचा आणि मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला धरायचा. रंग विरघळून कापसाला लागला तर तो ड्युको, फुगून सुरकुतला तर ऑइलपेंट.

"मग आपलं काय निघालं?"

"वर ऑइलपेंट. आईचा."

"मग ड्युको नाही चालणार?"

"सरळ नाही चालणार. मध्ये लाखेचं पॉलिश द्यायचं, चपड्याचं. ते स्पिरिटमध्ये असतं, त्याचं खालच्याशीही जमतं आणि वरच्याशीही. ते नीट बसलं की मग वर ड्युकोचे हलके हात."

"तुम्हाला काय काय माहिती असतं पप्पा," ती म्हणाली. "आम्हाला कधी सांगितलंच नाही."

तिनं ते सहज म्हटलं. मी मात्र त्या एका वाक्यावर कितीतरी दिवस जगलो. ती आता रोज संध्याकाळी बसमधून फोन करायची. मी शिफ्ट संपवून घरी यायचो, चहा टाकायचो आणि फोन समोर ठेवून बसायचो. विषय रंगाचाच असायचा, पण रंगावरून ती दवाखान्यावर जायची, सासूवर जायची, एखाद्या हट्टी पेशंटवर जायची. मी ऐकायचो. आईला ती हेच सगळं सांगत असे, आणि आता ते पहिल्यांदा माझ्याकडे येत होतं.

पहिला उशीर खरा होता. परतीचा पाऊस लांबला, हवेत ओल होती. अशा हवेत ड्युको मारला की तो पांढुरका पडतो. "दिवाळीनंतर कोरडी हवा लागू दे," मी म्हणालो. ती म्हणाली, काही घाई नाही. पण दिवाळी झाली, हवा कोरडी ठणठणीत झाली, आणि ती एक दिवस म्हणाली, "पप्पा, पुढच्या शनिवारी टेम्पो ठरवलाय. मी सुट्टी टाकलीये. रविवारी परत जायचंय, सोमवारी ड्युटी आहे."

फोन ठेवला आणि मला घर एकदम मोठं वाटायला लागलं. खोकं गेल्यावर ती काय विचारणार? पुन्हा "गोळी घेतली का?" आणि पुन्हा दोघांचं गप्प बसणं. हे मी तेव्हा इतकं स्पष्ट मनाशी म्हटलं नव्हतं. पण गुरुवारी थिनर आणायला केडगावच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तेव्हा दुकानदारानं लाखेच्या पॉलिशची बाटली आपणहून काउंटरवर ठेवली. महिनाभर मी त्याच्याशी याच कामाबद्दल बोलत होतो.

"ही घ्यायची ना आता? लई दिवस चाललंय तुमचं ते खोकं. ताजमहाल हाय का काय?"

"ही राहू द्या," मी म्हणालो. "आहे घरी."

घरी नव्हती.

ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून छोटा कॉम्प्रेसर आणि रंग फवारायची गन आणली होती. पडवीला जुन्या चादरी लावल्या. खोकं पुसलं, मास्क बांधला आणि काळा ड्युको सरळ पत्नीच्या शेवटच्या रंगावर मारला. तो पोपटी होता. पहिली काही मिनिटं इतका सुरेख बसला की मला वाटलं, आज नियम चुकतो की काय. मग खालच्या कोपऱ्यातून सुरुवात झाली. आधी बारीक रेघा, मग वेटोळी, मग सगळी बाजू गोळा झाली. मी गन हातात धरून उभा होतो. कंपनीत असं झालं असतं तर मी कुणाला सोडलं नसतं.

मी तिला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "खालच्या रंगानं धरलं नाही. परत करावं लागेल."

तिचा लगेच फोन आला. मला वाटलं होतं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"पप्पा, होतं असं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी टेम्पोवाल्याला सांगते. सुट्टी टाकलीच आहे तर मी नुसतीच येते, आपण दोघं मिळून खरवडू."

आणि ती खरंच आली. शनिवारी सकाळी मी तिला केडगावच्या थांब्यावर आणायला गेलो. तिनं डब्यात मेथीची भाजी आणि भाकरी आणली होती. जुना ड्रेस घालून, डोक्याला ओढणी बांधून ती माझ्याबरोबर पडवीत बसली. सुरकुतलेला रंग खरवडायच्या पत्र्यानं सहज निघत होता. काळ्याबरोबर पोपटीही निघाला, त्याखाली करडा, त्याखाली गुलाबी.

"हा गुलाबी बघा. माझ्या पलंगाचा. मी सातवीत होते." ती पत्रा बाजूला ठेवून बोटानं चाचपत राहिली. "मी मम्मीला म्हणाले होते, खोक्याला नको ना लावू, पोरं हसतील मला. तर म्हणते कशी, हसू दे, पैसे देऊन हसतील."

आम्ही दोघं हसलो. पत्नी गेल्यानंतर तिच्या आठवणीनं आम्ही पहिल्यांदाच एकत्र हसलो. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "माझ्यामुळे तुम्हाला या वयात हा त्रास. मीच उगाच हट्ट धरला." मी खाली बघून पत्रा चालवत राहिलो. मनात एवढंच होतं की आजचा दिवस असा आहे, तो मोडू नये.

रविवारच्या उपासनेत आम्ही सगळे मिळून पापांगीकार म्हणतो. विचारानं, शब्दानं आणि कृतीनं केलेली पापं. इतकी वर्षं मी ते सरावानं म्हणत आलो. त्या रविवारी ती माझ्या शेजारी उभी होती आणि ते शब्द माझ्या तोंडून बाहेरच पडेनात. तिला वाटलं, आईची आठवण झाली. तिनं माझ्या दंडाला हात लावला.

ती गेली आणि बुधवारी तिचा फोन आला.

"पप्पा, यांच्या ओळखीचा एक जण आहे इकडे. तो वरून विनाइलची शीट चिकटवतो, काळी. रंगाची भानगडच नाही. मी शुक्रवारी टेम्पो पाठवते, आहे तसं द्या. तुम्ही कशाला दगदग करता?"

ती माझा भार कमी करत होती. माझ्या खोटेपणाचं फळ म्हणून खोकं अर्धवट खरवडलेलं, खपल्या निघालेलं जाणार होतं, आणि वर तिलाच वाटत राहणार होतं की तिनं बापाला त्रास दिला. मी म्हणालो, "थांब. एक सांगायचंय."

आणि सांगितलं. लाखेचं पॉलिश मी मुद्दाम घेतलं नाही, खालचा रंग फुगून उठणार हे मला माहीत होतं, हेही सांगितलं. काम संपलं की तुझा फोन बंद होईल म्हणून मी असं केलं, हे सगळ्यात शेवटी सांगितलं.

 मागून बसचा आवाज येत होता.

"म्हणजे मम्मीच्या रंगावर तुम्ही मुद्दाम ओतलंत ते."

"हो."

"आणि मी तिथं बसून खरवडत होते."

"हो."

"नुसतं ये म्हणाला असता तर, पप्पा?"

"आली असतीस?"

मागे कंडक्टरनं घंटी मारली. मग ती म्हणाली, "माहीत नाही." आणि थोड्या वेळानं, "माझा स्टॉप आला. ठेवते."

तिनं खोटं उत्तर दिलं नाही याबद्दल मला तिचा राग आला नाही. उलट, आमच्या दोघांत त्या दिवशी तीच सरळ वागली.

शुक्रवारी टेम्पो आला नाही. फोनही आला नाही. मी लाखेचं पॉलिश आणायला गेलो. "घरचं संपलं व्हय?" दुकानदारानं विचारलं. मी म्हणालो, "घरी नव्हतंच." त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाटली कागदात गुंडाळून दिली.

मग मी ते काम जसं करायला हवं होतं तसं केलं. सुटलेले थर काढले. जे घट्ट बसले होते ते तसेच ठेवले. कडा पॉलिश पेपरनं उतरवल्या, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, ती वाळल्यावर ओल्या पेपरनं घासून गुळगुळीत केली. लाखेचा एक हात दिला, वाळू दिला, दुसरा दिला. मागच्या बाजूला हाताएवढ्या जागेवर ड्युको मारून बघितला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी काही उठलं नव्हतं. मग सगळीकडे पातळ हात, एकावर एक, मध्ये वेळ देत. डिसेंबर लागला होता. कामावरून आलो की उजेड असेपर्यंत पडवीत बसायचो. फोन घरात ठेवायचो, म्हणजे तो वाजतोय का याकडे कान राहू नये. तरी कान तिकडेच असायचे.

रंग पूर्ण झाल्यावर तिला मेसेज केला: "झालं आहे. नीट झालं आहे. तुझ्या सोयीनं ने." तिनं उत्तरात फक्त "ओके" लिहिलं.

नाताळच्या आधीच्या शनिवारी टेम्पो आला. पुढे ड्रायव्हरशेजारी जावई बसला होता. मी त्याच्या मागे बघितलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

"सलाम पप्पा," तो खाली उतरत म्हणाला. "तिला यायचं होतं, पण ड्युटी बदलली. नाताळात सुट्ट्या सगळ्यांनाच पाहिजेत."

त्यात किती खरं होतं ते मी विचारलं नाही. तो भला माणूस आहे. खोक्याभोवती फिरला, खाली वाकून कडा बघितल्या, काळ्या रंगात स्वतःचं तोंड दिसतंय म्हणून हसला. "तिनं बजावलंय, ओरखडा आला तर घरी येऊ नको." आम्ही दोघांनी आणि ड्रायव्हरनं ते गोधड्यांत गुंडाळून चढवलं. दोऱ्या बांधताना तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही चला ना पुढे बसून. तिथं बसवायला कोणी तरी जाणतं पाहिजे."

मी म्हणालो, "उद्या उपासना आहे. मंडळीचं काम आहे माझ्याकडे." काम काही नव्हतं. मागच्या वेळी तिला न बोलावता फसवून आणलं होतं, आणि आता तिनं बोलावलेलं नसताना तिच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे मला झेपणारं नव्हतं.

टेम्पो पुणे रोडला लागेपर्यंत मी कोपऱ्यावर उभा होतो. घरी येऊन पडवी झाडली. चादरी काढल्या, काळे डाग पडलेल्या टाकून दिल्या. त्या वर्षी दारांना लावायला मी रंग आणलाच नव्हता.

संध्याकाळी ते पोचले असतील अशा अंदाजानं मी फोन उचलला आणि परत ठेवला. आता विचारायला काहीच नव्हतं. रंग झाला होता, खोकं गेलं होतं. नीट पोचलं का, एवढं विचारता आलं असतं, पण पोचल्याचा फोटो जावयानं आधीच पाठवला होता. तेही निमित्त संपलं. मी चहा केला, प्यायलो, कप धुतला. मग लावला.

बऱ्याच रिंगांनंतर तिनं उचलला.

"हां पप्पा. काय झालं?"

"काही नाही."

"रंगाचं काही राहिलंय का?"

"नाही. रंगाचं काही नाही."

मागे कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, आता ती ठेवते म्हणणार. मी वाट बघितली. ती ठेवते म्हणाली नाही. कुकरची आणखी एक शिट्टी झाली. गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

"आज काय केलंत जेवायला?" तिनं विचारलं.

"अजून काही नाही. पिठलं टाकीन म्हणतो."

"त्यात लसूण आधी घालता का नंतर?"

मी आजवर लसूण घातलाच नव्हता. तसं सांगितलं.

"मग थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज अजून कोरडाच होता. "फोन स्पीकरवर ठेवा, आणि कढई घ्या."